जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा की नाही, हे ठरवायचं कसं

जुनी गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात तीन सल्ले मिळतात. विकणारा म्हणतो, "बेल्टचं काम झालंय, टेन्शन घेऊ नका." शेजारी म्हणतो, "माझी दीड लाख चालली, कुणी हातसुद्धा लावला नाही." मेकॅनिक कव्हर जरा वाकवून आत डोकावतो आणि म्हणतो, "चांगला दिसतोय, चालेल अजून." तिघंही मनापासून सांगत असतील, पण तिघांच्या बोलण्यावर निर्णय घेता येत नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा आतला दातेरी पट्टा, बघून "बदला" असं सांगता येतं. "नको" असं सांगता येत नाही. वरून ठणठणीत दिसणारा बेल्ट पुढच्या पाचशे किलोमीटरमध्ये तुटू शकतो, कारण तो झिजतो आतल्या दोऱ्यांत आणि दातांच्या मुळाशी. म्हणून निर्णय कागद, तारीख आणि किलोमीटर यांवर घ्यायचा. डोळ्यांनी केलेली तपासणी फक्त तो निर्णय अलीकडे ओढण्यासाठी.

१. गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आधी नक्की करा

हा प्रश्न फारच प्राथमिक वाटतो, पण चेन असलेल्या गाडीत बेल्ट शोधणारे आणि बेल्ट असलेल्या गाडीला "हिच्यात चेन आहे, आयुष्यभर बघायला नको" म्हणणारे दोघेही भेटतात. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आणि इंजिनानुसार फरक पडतो.

बेल्ट असलेल्या नेहमीच्या जुन्या गाड्या: मारुती ८००, ओम्नी, ८०० सीसीची ऑल्टो, झेन, एस्टीम, जुन्या १.१ लिटर इंजिनाची वॅगन आर. ह्युंदाई सँट्रो, १.१ लिटरची आय-टेन, पेट्रोल ॲक्सेंट, होंडा सिटीची १९९८ ते २००३ ची पहिली पिढी, टाटाची जुनी डिझेल इंडिका आणि इंडिगो, शेवरले स्पार्क, डिझेल डस्टर, लोगन, व्हेरिटो, सनी आणि मायक्रा (या सगळ्यांत रेनोचं एकच १.५ लिटरचं इंजिन आहे); डिझेल फिगो आणि फिएस्टा; ऑक्टाव्हिया, लॉरा, पोलो आणि व्हेंटोची डिझेल इंजिनं; टोयोटा क्वालिस आणि २.५ लिटरची इनोव्हा.

चेन असलेल्या: ऑल्टो के-टेन, के-सीरीज इंजिनाची वॅगन आर, १.२ लिटर पेट्रोल स्विफ्ट, कप्पा इंजिनाची आय-टेन, २००३ नंतरची सिटी, एम-हॉक इंजिनाची स्कॉर्पिओ, आणि फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन ज्यांच्यात आहे त्या सगळ्या, म्हणजे डिझेल स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया. स्विफ्टचीच गंमत बघा: सुरुवातीच्या १.३ पेट्रोलला बेल्ट, नंतरच्या १.२ ला चेन. त्यामुळे "स्विफ्टला काय असतं हो?" या प्रश्नाला उत्तर नाही. आरसीवरचं उत्पादनाचं वर्ष, इंधन आणि सीसी सांगून विचारा, आणि मालकाच्या पुस्तिकेतल्या देखभालीच्या तक्त्याशी ताडून बघा.

बॉनेट उघडूनही अंदाज येतो. इंजिनाच्या बाजूला प्लॅस्टिकचं, पातळ, छोट्या बोल्टांनी बसवलेलं कव्हर असेल तर आत बहुधा बेल्ट असतो. चेनला तेल लागतं, म्हणून तिचं कव्हर धातूचं आणि सील केलेलं असतं. अपवाद आहे: पहिल्या इकोस्पोर्टच्या १.० लिटर टर्बो पेट्रोलमध्ये बेल्टच आहे, पण तेलात बुडालेला. त्या इंजिनाला ठरलेल्या ग्रेडचं तेल नसलं की बेल्टचा चुरा होऊन तेलाची जाळी तुंबते. तुमच्याकडे ती गाडी असेल तर खालच्या तपासणीतलं बरंचसं तिला लागू नाही. तेलाची बिलं आधी शोधा.

२. बाहेरचा बेल्ट म्हणजे टायमिंग बेल्ट नव्हे

नवख्यांची सर्वात जास्त फसगत इथे होते. अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग फिरवणारा जो बेल्ट बॉनेट उघडल्याबरोबर दिसतो, तो फॅन बेल्ट किंवा ड्राइव्ह बेल्ट. सकाळी गाडी चालू करताना किंवा पावसात चीं-चीं करतो तो हाच. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, कधी इंजिन तापतं, पण वेळीच थांबलात तर इंजिन वाचतं.

टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो आणि त्याला आतून दाते असतात. तो क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणारा दांडा) यांची सांगड घालतो: क्रँकचे दोन फेरे, तेव्हा कॅमचा एक. इंजिन ३,००० आरपीएमवर (मिनिटाला ३,००० फेरे) असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि पिस्टन वर यायच्या आत त्याला बाजूला व्हावंच लागतं. ही वेळ चुकली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

म्हणून जुन्या बिलात नुसतं "बेल्ट बदलला" लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका. रक्कम बघा, पार्ट नंबर बघा. त्याच बिलात टेन्शनर (बेल्टला ताण देणारी चाकी) किंवा टायमिंग किटचा उल्लेख नसेल आणि मजुरी अर्ध्या तासाची दिसत असेल, तर तो फॅन बेल्ट होता.

३. तुटला तर काय होईल, हे समजून घ्या

काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाही पिस्टन त्याला लागत नाही. अशात बेल्ट तुटला तर गाडी जागेवर बंद पडते, टो करून आणायची, नवा बेल्ट टाकायचा, चालू. बाकीच्यांत व्हॉल्व्ह वाकतात, गाइड फुटतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त असल्याने पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांत जागाच उरत नाही. डिझेल असेल तर नुकसान होणारच असं धरून चाला. सँट्रोसारख्या छोट्या पेट्रोल इंजिनातही व्हॉल्व्ह वाकतात. "या इंजिनाला काही होत नाही" असं कुणी ठामपणे सांगितलं तरी त्या भरवशावर बेल्ट पुढे ढकलू नका. एक्स्प्रेसवेवर डाव्या लेनमध्येही पोचता आलं नाही, तर व्हॉल्व्ह शाबूत असल्याचं समाधान फारसं उपयोगी पडत नाही.

विम्याबद्दलही गैरसमज आहे. मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जे जादा कव्हर मिळतं ते मुख्यतः पाणी शिरल्याने किंवा तेल गळाल्याने झालेल्या नुकसानीसाठी असतं. बेल्ट वयाने तुटला तर हेडचा (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचा) खर्च तुमच्याच खिशातून. रोडसाइड असिस्टन्स असेल तर फार तर टो करण्याचे पैसे वाचतील.

४. कागद गोळा करा

हे सगळं जमवायला एक संध्याकाळ पुरते:

- मालकाची पुस्तिका किंवा सर्व्हिस बुकलेट, त्यातला देखभालीचा तक्ता
- आधीच्या मालकाकडची सर्व्हिस बिलं, निदान शेवटच्या पाच-सहा वर्षांची
- आरसी: पहिल्या नोंदणीची तारीख, कितवा मालक, आधी टुरिस्ट परवान्यावर होती का
- कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद. गाडीचा नंबर आणि चॅसी नंबर दिला तर मालकाला जुना इतिहास बहुतेक ठिकाणी सांगतात
- जुनी पीयूसी प्रमाणपत्रं आणि विमा तपासणीचे फोटो, असतील तर. ओडोमीटरचा आकडा ताडायला ते कामी येतात

यात शोधायचं एकच: टायमिंग बेल्ट कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणत्या पार्ट नंबरने बदलला. तिन्ही सापडलं तर पुरावा. "मागच्याच वर्षी केला, बिल हरवलं" हा पुरावा नाही. बॉनेटच्या आत किंवा बेल्टच्या कव्हरवर स्टिकर असेल तर चांगलं, पण स्टिकरवरचा आकडा बिलाशी जुळतोय का ते बघा.

सेकंड हँड इनोव्हा घेणाऱ्यांसाठी एक इशारा. तिच्या डॅशबोर्डवर टायमिंग बेल्टचा दिवा असतो आणि ठरलेले किलोमीटर झाले की तो लागतो. तो दिवा बेल्टची तब्येत मोजत नाही, निव्वळ किलोमीटर मोजतो. बेल्टला हात न लावता तो रीसेट करता येतो. दिवा विझलेला आहे म्हणजे बेल्ट नवा आहे असं नाही.

५. किलोमीटर, वर्षं आणि तास: तिन्ही मोजा

बहुतेक बेल्टांची मुदत ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा चार ते सहा वर्षं या पट्ट्यात येते. काही नव्या इंजिनांची याहून जास्त असते. नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेतला. तिथे दोन आकडे असतात, किलोमीटरचा आणि वर्षांचा, आणि आधी येईल तो लागू होतो. वर्षांचा आकडा लोक सोयीस्करपणे विसरतात. घरातल्या आजोबांची २००९ ची सँट्रो ३८,००० किलोमीटर चालली असेल, तरी बेल्टचं वय कॅलेंडर ठरवतं. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतं. कमी चाललेली जुनी गाडी म्हणूनच जास्त संशयास्पद: तिचा बेल्ट कधी बदललाच नसण्याची शक्यता मोठी.

तिसरी गोष्ट पुस्तिकेत ठळक नसते, पण आपल्या शहरांत तीच महत्त्वाची. बेल्ट इंजिनाबरोबर फिरतो, चाकांबरोबर नाही. हिशोब सोपा आहे. ६०,००० किलोमीटर हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने केले तर इंजिन १,००० तास चाललं. तेच ६०,००० किलोमीटर पुण्या-मुंबईच्या गर्दीत सरासरी १५ च्या वेगाने केले तर ४,००० तास. ओडोमीटर दोन्हीकडे सारखा, बेल्टचं काम चौपट नसलं तरी कितीतरी जास्त. शिवाय सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन आतून जास्त तापतं. रोज शहरातच चालणारी गाडी असेल तर पुस्तिकेतल्या किलोमीटरमधून पाव हिस्सा कमी धरावा. काही पुस्तिकांत धूळ, उष्णता आणि सततच्या थांबा-चला यांसाठी वेगळा, लवकरचा तक्ता दिलेला असतो. आपण जवळपास सगळे त्याच तक्त्यात मोडतो.

सीएनजीवर चाललेल्या गाडीत आणखी सावध. सीएनजीने बेल्टला वेगळा त्रास होत नाही, पण लोक सीएनजी बसवतात ते रोज भरपूर चालवायला. अशा गाडीचा ओडोमीटर कमी दिसत असेल तर शंका घ्या.

६. कव्हर उघडून बघा

वरचं कव्हर बऱ्याच गाड्यांत १० मिमीच्या तीन-चार बोल्टांवर असतं. इंजिन पूर्ण थंड, चावी काढलेली, सैल कपडे नाहीत, टॉर्च हातात. इंजिन चालू असताना बोट किंवा स्क्रूड्रायव्हर आत घालू नका.

बघायचं काय:

- पाठीवर आणि दातांच्या मुळाशी बारीक भेगा
- कडेने सुटलेले धागे. म्हणजे बेल्ट एका बाजूला सरकून घासतोय, बहुधा टेन्शनर किंवा बेअरिंग वाकडं
- पाठीवर काचेसारखी चकाकी. उष्णतेने रबर कडक झालं
- तेलाचा ओलावा; कॅम किंवा क्रँकचं सील गळतंय
- हिरवा, गुलाबी किंवा पांढरट वाळलेला डाग. कूलंट, म्हणजे वॉटर पंप गळतोय
- कव्हरच्या तळाशी काळी पूड किंवा मातीचा गाळ

यातलं एकही दिसलं तर चर्चा संपली, बदला. यातलं काहीच दिसलं नाही तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही. जुन्या काळातल्या निओप्रीनच्या बेल्टांना निदान भेगा तरी पडत. आताचे बेल्ट जास्त टिकाऊ रबराचे असतात, आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात. दोऱ्या एकेक तुटत जातात, वरून बेल्ट काळाकुट्ट आणि गुळगुळीतच दिसतो. शिवाय वरून दिसतो तो जेमतेम एक वीत भाग. क्रँक हाताने फिरवल्याशिवाय बाकीचा दिसत नाही.

तळाशी गाळ सापडला तर गाडीचा इतिहास पुन्हा विचारा. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगांत बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीट कव्हर नवं घालता येतं, टायमिंग कव्हरच्या आतली माती कुणी काढत बसत नाही.

आवाजावरून बेल्ट कळत नाही. कव्हरच्या मागून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ते टेन्शनरचं किंवा पंपाचं बेअरिंग. मात्र ते जाम झालं की बेल्टला घेऊनच जातं, म्हणून आवाज आला तर थांबू नका.

७. आता ठरवा

पुरावा नाही, किंवा मुदत उलटली, आणि गाडी अजून वर्षभर तरी ठेवायची आहे: बदला. फार विचार करण्यासारखं यात काही नाही. काम होईपर्यंत लांबचा प्रवास टाळा, धक्का मारून गाडी चालू करू नका (अचानक बसणाऱ्या झटक्याने जुना बेल्ट दात सोडतो), आणि आरपीएम चढवू नका.

पुरावा आहे, मुदतीचा निम्मा भाग बाकी आहे, आत सगळं कोरडं आहे: थांबा. पुढच्या बदलाची तारीख लिहून ठेवा.

मुदत सहा-आठ महिन्यांत संपते आहे, पण आत्ता वॉटर पंप किंवा सील गळतंय: सगळं एकदम करा. मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोचण्याचा असतो. आज पंपासाठी खोलून आठ महिन्यांनी बेल्टसाठी पुन्हा खोलणं म्हणजे तीच मजुरी दोनदा.

गाडी लवकरच विकायची किंवा भंगारात काढायची आहे: इथे मात्र हिशोब करावा लागतो. समजा किटचे ६,००० आणि मजुरीचे ४,००० असे १०,००० रुपये लागणार आहेत आणि बेल्ट तुटला तर हेडचं काम ४०,००० ला जाईल. गाडीची बाजारातली किंमतच ५०,००० असेल तर तुटल्यानंतर कुणी दुरुस्त करणार नाही, गाडी तशीच भंगारात जाईल. तीन महिन्यांत नोंदणी संपते आहे आणि रोजचं चालणं पाच किलोमीटर आहे, तर न बदलणं हा समंजस निर्णय असू शकतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गॅरेजचं कोटेशन घालून बघा.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि फॉर्म २५ भरून, आरटीओची तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. आपली गाडी १४ वर्षांची असेल तर आधी नूतनीकरण करायचं की नाही ते ठरवा, मग बेल्ट. करायचं असेल तर पुढची पाच वर्षं म्हणजे बेल्टची जवळपास पूर्ण मुदत. पैसे वसूल होतात. उलट बेल्ट टाकून दोन महिन्यांनी गाडी पासिंगला गंजामुळे अडली, असं होऊ देऊ नका. बॉडीखालचा गंज आधी बघा.

विकणाऱ्याला "बेल्ट करून द्या" सांगण्यापेक्षा तेवढी किंमत कमी करून घ्या आणि स्वतः करा. विकणाऱ्याने करून दिलेला बेल्ट सर्वात स्वस्तातला असतो, आणि टेन्शनर जुनाच राहतो.

८. नुसता बेल्ट टाकू नका: किटमध्ये काय हवं

- टायमिंग बेल्ट
- टेन्शनर
- आयडलर बेअरिंग (बेल्टला वाट देणारी चाकी), इंजिनानुसार एक किंवा जास्त
- वॉटर पंप, तो टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर. रेनोचं १.५ डिझेल आणि फोक्सवॅगन-स्कोडाची डिझेल इंजिनं अशी आहेत. मारुती ८०० मध्ये पंप फॅन बेल्टवर असतो, तिथे सक्ती नाही
- कॅम आणि क्रँकची पुढची ऑइल सीलं
- कंपनीने "एकदाच वापरायचे" म्हटलेले बोल्ट, विशेषतः क्रँक पुलीचा
- कूलंट, पंप काढणार असाल तर
- बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट, जुना असेल तर. तो तसाही काढावाच लागतो

टेन्शनर वाचवण्याचा मोह सगळ्यात महागात पडतो. हाताने फिरवून "स्मूथ आहे" म्हणतात, पण त्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस बेल्टइतकंच जुनं असतं, आणि नव्या बेल्टचा ताण त्याच्यावर पडणार असतो. नवा बेल्ट टाकूनही २०,००० किलोमीटरला इंजिन गेलं, अशा तक्रारीच्या मुळाशी अनेकदा जुना टेन्शनर किंवा जुना पंप असतो.

पार्ट घेताना चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. कंपनीचा घ्या, किंवा गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, आयएनए, एसकेएफ यांपैकी कुणाचं पूर्ण किट घ्या. खोके उघडून बेल्टवर छापलेला नंबर, दातांची संख्या आणि रुंदी जुन्याशी ताडा. डुप्लिकेट माल भरपूर आहे: एमआरपीचं लेबल तिरकं, छपाई पुसट, होलोग्राम नाही, बेल्टवर अक्षरंच नाहीत, असं काही दिसलं तर परत करा. ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊनच घ्या. आणि बेल्ट घरी आणताना त्याची घट्ट गुंडाळी करू नका, उलटा करू नका, रबर बँड लावून दुमडू नका. आतल्या काचेच्या दोऱ्या तिथेच मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

९. गॅरेजला आधी हे विचारा

छोट्या पेट्रोल गाडीचं काम नेहमीचा चांगला फिटर करू शकतो. डस्टर, पोलो, लॉरा यांसारख्या डिझेलसाठी लॉकिंग टूल लागतं, म्हणजे क्रँक आणि कॅम जागच्या जागी अडकवून ठेवणाऱ्या पिना. "पिना आहेत का?" हा पहिला प्रश्न. "लागत नाहीत, मी खुणा करून बसवतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. जुन्या बेल्टवर व्हाइटनरने खुणा करायच्या, त्याच नव्यावर उतरवायच्या, ही पद्धत वापरली जाते; पण जुना बेल्टच एक दात सरकलेला असेल तर ती चूक जशीच्या तशी नव्यावर जाते.

दुसरा प्रश्न: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) आहे का? काही इंजिनांत क्रँकवरची दातेरी पुली चावीच्या (पुलीला दांड्यावर अडकवणाऱ्या छोट्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेत नसते, निव्वळ बोल्टच्या दाबावर बसलेली असते. तो बोल्ट "अंदाजाने" आवळला आणि पुली किंचित फिरली की टायमिंग गेलं.

तिसरा: जुने पार्ट परत मिळतील का? होकार लिहून घ्या. मजुरी, पार्ट आणि कूलंट वेगवेगळं दाखवणारं कोटेशन मागा. छोट्या पेट्रोल गाडीला दोन-चार तास, आडव्या डिझेल इंजिनाला बहुतेक पूर्ण दिवस लागतो. "तासाभरात देतो" म्हणणाऱ्याकडे पंप आणि सील होणार नाहीत हे नक्की.

१०. काम चालू असताना क्रम असा असतो

तुम्ही स्वतः पाना हातात घेणार नसलात तरी क्रम माहीत असावा. उभं राहून बघायला हरकत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार सुटते. इंजिन थंड हवं. पुढचं एक चाक आणि आतलं मडगार्ड निघतं. बेल्टच्या बाजूचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं, म्हणून ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन तोलतात. फळी नसेल तर ऑइल पॅन चेपतो, हे लक्ष ठेवायची गोष्ट. ड्राइव्ह बेल्ट, क्रँक पुली, कव्हरं निघतात.

मग क्रँकच्या बोल्टावरून इंजिन हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरच्या टॉपला (पिस्टन अगदी वर) आणतात आणि क्रँक व कॅम दोन्हीकडच्या खुणा जुळवतात. फिरवायचं ते इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच. बहुतेक इंजिनं बेल्टच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. पहिल्या पिढीची होंडा सिटी उलटी फिरते. कॅमच्या बोल्टावरून इंजिन फिरवू देऊ नका.

खुणा जुळल्यावर टेन्शनर सैल करून बेल्ट निघतो. आता क्रँक किंवा कॅम हलता कामा नये. सील, पंप, टेन्शनर बदलले जातात, सगळ्या पुल्या कापडाने कोरड्या पुसल्या जातात. नव्या बेल्टवर दिशेचा बाण असेल तर तो पाळायचा. बेल्ट स्क्रूड्रायव्हरने उचकटून बसवायचा नाही, बोटांनी सरकवायचा. त्यावर ग्रीस, स्प्रे, पावडर काहीही नको.

टेन्शनरचा ताण दिला की इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात, म्हणजे कॅमचा एक फेरा, आणि खुणा परत बघतात. ही पायरी वगळली तर बाकी सगळं व्यर्थ. एक दात चुकलेला असेल तर तो इथेच कळतो, आणि पिस्टन व्हॉल्व्हला लागत असेल तर हाताला अडतं. स्टार्टरने फिरवलं असतं तर व्हॉल्व्ह वाकले असते. फिटर घाईत असेल तर फक्त एवढंच म्हणा: "दोन फेरे माझ्यासमोर फिरवा."

११. गाडी ताब्यात घेताना

कव्हरं सगळी परत लागली आहेत का, सगळे बोल्ट आहेत का, हे टॉर्चने बघा. खालचं कव्हर "तुटलं होतं, नाही लावलं" म्हणून सोडून देतात. मग पहिल्याच पावसात खडी आणि चिखल आत जातो. तुटलं असेल तर नवं मागवा, किंमत फार नसते.

गाडी थंड चालू करा. एकसारखी चालायला हवी. थरथर, ताकद कमी, चेक इंजिनचा दिवा, किंवा स्कॅनरवर पी००१६ कोड (क्रँक आणि कॅम जुळत नाहीत) आला तर दात चुकलाय. चालवत घरी नेऊ नका, तिथेच उघडायला लावा. वेगाबरोबर वाढणारी बारीक कुईं म्हणजे बेल्ट जास्त ताणलाय. कव्हरला आतून फटके बसल्यासारखा आवाज म्हणजे सैल. पंप बदलला असेल तर कूलंटची पातळी दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना आणि पुन्हा आठवड्याने बघा. हवा अडकलेली असली तर ती उतरते.

जुना बेल्ट, टेन्शनर आणि पंप पिशवीत घालून घरी आणा. बिलावर तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि "टायमिंग बेल्ट किट" हे शब्द लिहून घ्या, आणि त्याचा फोटो काढा. थर्मल कागदावरचं बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होतं. बॉनेटच्या आत उष्णता टिकेल असा स्टिकर लावा आणि त्यावर दोन्ही आकडे लिहा: कोणत्या किलोमीटरला आणि कोणत्या महिन्यात पुढचा बदल.